हॉवर्डहून ताईला

वॉशिंग्टन, सोमवार

प्रिय ताई,


हॉवर्ड हे १८६७ सालचं, गुलामगिरी संपल्यावर दोनच वर्षांनी निघालेलं विद्यापीठ. त्याच्या फाउंडर्स लायब्ररीत दिवस कसा गेला कळलं नाही. तुझं निम्मं आयुष्य पुस्तकांवर क्रमांक घालण्यात गेलं, म्हणून डोरोथी पोर्टर यांची हकीकत आधी तुलाच. १९१४ मध्ये जेसी मूरलँड यांनी कृष्णवर्णीयांविषयीचा आपला ग्रंथसंग्रह इथे दिला. तो लावायचं काम १९३० मध्ये डोरोथीबाईंकडे आलं. त्या काळी अनेक ग्रंथालयांत कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक आलं, की ड्युई वर्गीकरणाच्या ३२५ किंवा ३२६ मध्ये जाई. म्हणजे वसाहती, नाहीतर गुलामगिरी. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या कवितासुद्धा ३२५ मध्येच! बाईंनी हे मानलं नाही. कविता कवितेत, संगीत संगीतात, अशी सगळी मांडणी त्यांनी नव्याने केली. खरेदीला पैसे नसत. मग जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांशी ओळखी वाढवायच्या, प्रकाशकांकडे पुस्तक फुकट मागायचं. १९७३ पर्यंत हेच. मला हा मोठा पराक्रम वाटतो, ताई.

गुरुवार

ताई,
एकेकाळचे इथले प्राध्यापक अ‍ॅलन लॉक यांच्या कागदपत्रांत लेखिका झोरा नील हर्स्टन यांचं एक टंकलिखित जपलेलं आहे. झोराबाई याच विद्यापीठात शिकलेल्या. त्या टंकलिखितात आहे एका गुलामाची कहाणी. अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, तरी १८६० मध्ये क्लोटिल्डा जहाजातून शंभरावर माणसं चोरून अलाबामात उतरवली. त्यांतला कोसोला म्हातारपणी झोराबाईंना भेटला. १९२७-२८ मध्ये त्या त्याच्याकडे जात. पीच न्यायच्या, कलिंगड न्यायच्या. कधी तो तासन् तास बोले. कधी बोलायचं मनात नसे, मग दोघं नुसती खात बसत. फोटो काढायचा म्हटल्यावर ठेवणीतला सूट घालून आला, पण अनवाणी. आपण आफ्रिकेत आहोत असं दिसावं, ही त्याची इच्छा!

त्याचं बोलणं झोराबाईंनी त्याच्याच बोलीत उतरवलं. प्रमाण भाषेत आणा, छापतो, असं एक प्रकाशक म्हणाला. त्या बधल्या नाहीत. १९६० मध्ये त्या गेल्या. ते टंकलिखित ‘बॅराकून’ या नावाने छापून आलं २०१८ मध्ये. मधली सगळी वर्षं ते कागद सांभाळले गेले म्हणूनच आज कोसोलाचा शब्द आपल्यापर्यंत पोचतो.

उद्या राल्फ बंच यांच्या नावाच्या संग्रहातल्या मुलाखती वाचायच्या आहेत, नागरी हक्क चळवळीतल्या माणसांच्या. त्याबद्दल पुढच्या पत्रात. आईचा गुडघा कसा आहे, कळव.

तुझी,
धाकटी