चंद्रतालच्या वाटेवर अडकलेली डिकी

लाहौल-स्पितीतल्या बातलपासून चंद्रताल जेमतेम 14 किलोमीटर, पण रस्ता नुसता दगडधोंड्यांचा आणि धुळीचा. तळ्याकाठी तंबू ठोकायला मनाई आहे, म्हणून आम्ही अलीकडेच थांबलो. उंची 4,000 मीटरहून जास्त, ऊन उतरलेलं. स्वेटर, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह सगळं डिकीत, आणि डिकी उघडेना! मोबाइलला रेंज नाही. मुलं कुडकुडायला लागली.

हे हँडलला हिसके द्यायला लागले, तशा सासूबाई म्हणाल्या, "अरे, तुटलं तर रात्र कशी काढायची? आतून बघा."

टूलकिटही डिकीतच होतं. नशिबाने पुढच्या कप्प्यात एक स्क्रू ड्रायव्हर सापडला. मागची सीट दुमडून मी आत सरकले आणि दाराचं प्लास्टिकचं झाकण काढलं. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर लॉकमध्ये धुळीचा थर! ह्यांनी बाहेरून दार दाबून धरलं, मी आतून खिटी ढकलली. खट्! दार उघडलं. मग जुन्या टूथब्रशने धूळ झाडून तेलाचे दोन थेंब सोडले.

आता आमचा नियमच आहे, डोंगरात जाताना एक स्वेटर, पाणी आणि टूलकिट सीटजवळच ठेवायचं. तुम्हीही ठेवा.