कपाटाचा रंग

जुन्या लाकडी सामानावर रंग चढविणाऱ्या माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते. सागाच्या देखण्या रेषा समोर असताना ज्याला त्यांवर हिरवा तैलरंग फासावासा वाटतो, त्याच्यापाशी डोळे असतील, पण रसिकता नाही, असे मी खुशाल बोलत असे. आणि बोलताना माझा रोख बहुधा आमच्याच घरातील एका कपाटाकडे असे.

हे कपाट अकोल्याच्या जुन्या शहरातील आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून उभे होते. ते घर विकले तेव्हा टेम्पोत घालून मूर्तिजापूरमार्गे मी ते अमरावतीस आणले. वऱ्हाडातील जुन्या घरांना सागाचे अप्रूप नव्हते. मेळघाटचे रान जवळ आणि परतवाड्याचा लाकडाचा बाजारही जवळ. पुढे १९७३-७४ मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला. आता तर जुन्या सागाच्या दाराविषयी लोक सोन्यासारखे बोलतात. असे धन हिरव्या रंगाखाली दडलेले पाहून मला राहवेना. मी एका वृद्ध रंगाऱ्यास बोलाविले आणि सर्व रंग खरवडून टाकण्याचा बेत केला.

कामास लागण्यापूर्वी एक दक्षता मात्र घेतली. जुन्या तैलरंगांत पुष्कळदा शिसे असे. दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे घरगुती रंगांत असू नये, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरापासून अंमलात आला. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासावाटे पोटात जाते, आणि लहान मुलांस ती विशेष बाधते. म्हणून मुलांस वरच्या मजल्यावर पाठविले, नाकातोंडावर पट्टी बांधली आणि पाणी मारून, पाणकागदाने, रंग ओला ठेवूनच काढू लागलो.

रंगाचे तीन थर निघाले, तिन्ही हिरवेच! चौकटीवरचा तिसरा थर सुटला आणि मधाच्या रंगाचा साग उघडा झाला. मला कोण आनंद झाला! पण दारे घासू लागलो, तो आतून निघाले फिकट, भुरकट लाकूड.

रंगारी थांबला व म्हणाला, “भाऊ, चौकट सागाची हाय; पण दारं आंब्याची हायेत.”

मी ओसरीवर बसलेल्या आईकडे गेलो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात पीक बुडालं. पुढच्या पेरणीला सरकी घ्यायला पैसा नव्हता. नक्षीची दारं होती. तुझ्या वडिलांनी ती विकली आणि आंब्याच्या फळ्या बसवल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून सगळ्यालाच एक रंग दिला.”

“मग मी इतकी वर्षं त्या रंगाला नावं ठेवत होतो, तेव्हा का नाही बोललीस?”

“तू तेव्हा तीन वर्षांचा होतास. मोठा झालास तर शहाण्यासारखा बोलायला लागलास. म्हटलं, बोलू दे बाप्पा.”

मी परत कपाटापाशी आलो, पण हातातला पाणकागद चालेना. तैलरंगात पूर्वापार जवसाचे तेल घालीत, आणि जवस तर आपल्या विदर्भाचेच पीक. हे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि घट्ट होऊन लाकडावर कातडीसारखे बसते. त्या तीन कातड्यांखाली माझ्या आईवडिलांनी घराची अब्रू झाकून ठेवली होती, आणि मी रसिकतेच्या ऐटीत ती सोलीत बसलो होतो.

कपाट पुन्हा रंगवावयाचे ठरले. सागाच्या अंगी स्वतःचे तेल असते, त्यावर रंग नीट धरत नाही. म्हणून चौकट थिनरने पुसून घेतली. आंबा उलट तहानलेला. त्यास अस्तराचे दोन हात द्यावे लागले. भेगांत लांबी भरली. महिना वैशाखाचा. आमच्याकडच्या उन्हात रंग वरून लवकर धरतो, आत ओला राहतो आणि मग सुरकुततो. म्हणून रंगारी सूर्य वर येण्याआधी येई आणि दोन हातांच्या मध्ये एक दिवस जाऊ देई. कोणता रंग द्यावा, हे त्याने विचारलेसुद्धा नाही. डबा हिरवाच आणला.

परवा एक स्नेही घरी आले. कपाटाचे दार उघडताना आतील बाजूस न रंगविलेला साग त्यांना दिसला. “अहो, सागाच्या कपाटाला असला रंग? कोणाची ही आवड?”

प्रश्न माझाच होता. केवळ तोंड दुसऱ्याचे. मी आईकडे पाहिले. ती हसून म्हणाली, “सांग आता. पन्नास वर्षं होऊन गेली.”