थांबण्याच्या जागा

१६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोच्या ‘स्पेडेक्स’ मोहिमेतील दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडले गेले आणि हे तंत्र साध्य करणारा भारत जगातील चौथा देश ठरला. बहुतेकांच्या स्मरणात राहिला तो जोडणीचा क्षण. माझ्या मनात मात्र त्यामागची आखणी घर करून राहिली. प्रत्येकी सुमारे २२० किलोचे हे उपग्रह एकमेकांकडे सरळ झेपावणार नव्हते. ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर आणि अखेर ३ मीटर, अशा ठरलेल्या अंतरांवर थांबायचे, स्थिती तपासायची आणि मगच पुढे सरकायचे. १२ जानेवारीला तर ते ३ मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा सुरक्षित अंतरावर नेण्यात आले होते.

विस्मरण आणि विचलित मन यांविषयी लिहायला बसले, तेव्हा मला प्रथम आठवली ती हीच आखणी.

प्रकल्पासाठी येणारे विद्यार्थी अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात, तोही जरा खालच्या आवाजात : “मॅडम, वाचलेले राहत नाही, एका जागी लक्ष टिकत नाही. माझी बुद्धी संशोधनाला पुरेल ना?” एका विद्यार्थिनीने तर याच भीतीपोटी पीएच.डी.चा अर्ज भरायचाच नाही, असे ठरवले होते. तिला मी आधी माझ्याच मनाची हकीकत सांगितली. समीकरण सोडवताना मला दूधवाल्याचे पैसे आठवतात आणि भाजी चिरताना समीकरण. भौतिकशास्त्रातील डॉक्टरेटने या स्वभावात काडीचाही फरक पडलेला नाही.

विसरणे म्हणजे स्मृती झिजणे, असे आपण सहज गृहीत धरतो. पण किल्ली कुठे ठेवली हे आठवत नाही, तेव्हा पुष्कळदा ती ठेवताना मन दुसरीकडे असते आणि त्या कृतीची नोंदच झालेली नसते. जे लिहिलेच गेले नाही, ते सापडत नाही म्हणून वहीला बोल लावण्यात काय अर्थ? सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही अंश पहिल्याच कामापाशी रेंगाळतो. निसटण्याची जागा बहुधा हीच असते : दोन कामांमधला उंबरठा.

आमच्या प्रयोगशाळेत लेसर चालू असताना कोणी दार उघडले, तर झडप आपोआप पडून किरण अडवला जातो. ही व्यवस्था कोणाला निष्काळजी ठरवत नाही. माणूस दमतो, बोलण्यात गुंततो, एवढे ती जाणते. तिच्यामुळे आमच्यापैकी कोणालाही कमीपणा वाटत नाही. घरी मात्र आपण सारा भार स्मरणशक्तीवर टाकतो आणि ती डगमगली की स्वतःला दूषणे देतो.

म्हणून मी माझ्या दिवसातही थांबण्याच्या जागा आखल्या आहेत. काम बदलण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून वहीत एक ओळ लिहिते : कुठे थांबले आणि पुढची पायरी कोणती. किल्लीसाठी दाराजवळ एकच खिळा आहे. वाचताना फोन दुसऱ्या खोलीत असतो. ‘उद्यापासून नियमित गोळी घेईन’ असा संकल्प न करता ‘रात्री ताट उचलले की गोळी’ असे ठरवते. अशा ‘जर–तर’ योजनांचे बळ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये सविस्तर मांडले आहे. येथे आठवण करून देण्याचे काम ताट करते.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच विस्मरणाचे मोजमाप केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. शिकलेले प्रारंभी वेगाने निसटते आणि पुढे तो वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. एकाच बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने पुस्तक मिटून आठवून पाहणे अधिक फलदायी ठरते. वाचलेले विसरणे हा मंदबुद्धीचा पुरावा नव्हे.

त्या विद्यार्थिनीने अर्ज भरला. तिचे मन अजूनही भटकते, वही मात्र जागेवर असते.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. विस्मरण अचानक वाढले किंवा रोजचे व्यवहार अडू लागले, तर वहीवर विसंबू नये. अपुरी झोप, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा लहानपणापासून न ओळखला गेलेला अवधानदोष, अशी कारणे त्यामागे असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटावे. मनावर ताण असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

बाकीच्यांनी आज एवढेच करून पाहावे : दिवसातील सर्वांत घाईचा उंबरठा निवडावा आणि तेथे अर्धा मिनिट थांबावे. ३ मीटरवरून मागे नेलेल्या उपग्रहांची जोडणी चारच दिवसांनी झाली.