वंशावळीतील गाळलेली नावे

वकिलीच्या व्यवसायात आम्ही गेली कित्येक वर्षे इतरांच्या वंशावळी न्यायालयांत दाखल करीत आलो आहोत. दावा वाटणीचा असो वा वारसाचा, वादपत्रात मूळ पुरुषापासून शाखा-उपशाखांचा वृक्ष मांडावाच लागतो. मात्र तो मालमत्तेपुरताच वाढतो. जमीन संपली की वंशही संपतो. पन्नाशी ओलांडल्यावर छंद म्हणून स्वतःच्या घराण्याचा शोध आरंभिला, तेव्हा या कामाची खरी खोली ध्यानी आली.

सीमाभागातील माणसाला हा शोध तीन लिप्यांतून घ्यावा लागतो. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. त्यापूर्वी तो मुंबई राज्यात होता. त्यामुळे आमच्या घरचे जुने कागद मोडीत, इंग्रजी अमदानीतील निवाडे रोमन लिपीत आणि आजचे उतारे कन्नडमध्ये आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही व दोन शब्दांत अंतरही सोडलेले नसते. म्हणून नाव कोठे संपले आणि गाव कोठे सुरू झाले, हे अनुभवानेच कळते. रोमन लिपीत ‘ळ’ नाही, तेथे काळ्यांचे ‘काले’ होतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील बांधवांना हाच अनुभव हिंदी कागदपत्रांत येतो. कन्नडमध्ये मात्र ‘ळ’ आहे आणि तो त्या उताऱ्यांत सुखरूप राहिला आहे. ज्या भाषेच्या सक्तीविरुद्ध आम्ही आजवर अर्ज केले, तिच्या लिपीचे हे ऋण मान्य करणे न्यायाचे ठरेल.

पुढचा दुवा त्र्यंबकेश्वरी मिळाला. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या यजमानांची नावे, गावे आणि स्वाक्षऱ्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. पणजोबांची मोडी स्वाक्षरी पाहून मन भरून आले. त्यांच्या नावाखाली मुलांची, भावांची, पुतण्यांची नावे होती. पणजीचे मात्र नव्हते.

ते आमच्या वृद्ध आत्याबाईंनी सांगितले, आणि एक नव्हे तर दोन सांगितली: सासरचे व माहेरचे. पणजी गोकाककडची, तिच्या माहेरी कन्नड बोलत. लग्नात नाव पालटले, नव्या घरात भाषाही पालटली. तरी जात्यावर बसली की ती कन्नड ओव्याच म्हणे, असे आत्याबाई सांगत. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये घराण्याची विशेष माहिती असलेल्या दिवंगत व्यक्तीने, वाद उपस्थित होण्यापूर्वी, नात्याविषयी केलेले कथन ग्राह्य मानलेले होते. आत्याबाई आता नाहीत. त्यांचे कथन आम्ही तारखेनिशी लिहून ठेवले आहे.

एका हितचिंतकाने सुचविले, ‘हे छापू नका, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल.’ आम्हांस तसे वाटत नाही. घटनेचे कलम २९ आपली वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या कोणत्याही गटास देते. कलम ३५० क भाषिक अल्पसंख्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेची सोय करण्यास सांगते. रक्ताचा दाखला यांपैकी कोणतेही कलम मागत नाही. आमचा दावा आज बोलल्या जाणाऱ्या मराठीवर उभा आहे. पणजीला लपविल्याने तो बळकट होत नाही आणि तिचे नाव लिहिल्याने दुबळाही होत नाही. उलट, केवळ पुरुषांच्या वंशावळी पाहिल्या की सीमेवरची घरे एकभाषिक भासतात; सुनांची नावे त्यांत भरली की ती जशी होती तशी दिसू लागतात.

वाचकांस एवढीच विनंती, की कागदांची घाई नको. ते आणखी काही वर्षे टिकतील. प्रथम घरातील वृद्ध स्त्रियांजवळ बसावे. प्रत्येकीची दोन्ही नावे, माहेरचे गाव आणि तेथे बोलली जाणारी भाषा विचारून घ्यावी. ही नोंद कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.