एवढं एक कार्ड पुरे

गेल्या महिन्यात आमच्याकडे रुजू झालेल्या एका मराठी मुलीने माझ्या टेबलावर सगळी फाईलच रिकामी केली. तिचा पासपोर्ट, नवऱ्याचा पासपोर्ट, त्याच्या एच-१बीचं मंजुरीपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, पदवीची प्रमाणपत्रं, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि सगळ्यांत खाली, वेगळ्या पाकिटात जपून ठेवलेलं ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड. लग्न होऊन अमेरिकेत आल्याला सहा वर्षं झालेली, आणि ही इथली पहिली नोकरी. "ताई, अजून काही लागलं तर ह्यांना घरून आणायला सांगते," म्हणाली. मी ईएडी उचललं आणि बाकीचं सगळं तिच्याकडे सरकवलं.

न्यू जर्सीतल्या एका कंपनीच्या एचआर विभागात अठरा वर्षं मी हेच काम करते आहे. नव्या माणसाला या देशात काम करण्याचा कायदेशीर हक्क आहे हे तपासायचं आणि फॉर्म आय-९ वर सही करायची. हा फॉर्म फक्त आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. इथे जन्मलेल्या अमेरिकी नागरिकालाही तो भरावाच लागतो. पहिला भाग कर्मचाऱ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा, दुसरा मालकाने त्यानंतरच्या तीन कामकाजाच्या दिवसांत.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्यातून हा फॉर्म आला. परवाना नसलेल्या माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणं त्या कायद्याने बेकायदेशीर ठरवलं. पण त्याच वेळी संसदेत एक रास्त भीती व्यक्त झाली होती, की दंडाच्या धास्तीने मालक परक्या नावाच्या, परक्या उच्चाराच्या माणसाला दारातूनच परत पाठवतील. म्हणून भेदभावाला बंदी त्याच कायद्यात आली, आणि १९९० मध्ये ठरावीक किंवा जादा कागद मागण्यावरही बंदी आली. आपल्या लोकांना यातला पहिला अर्धा भाग पाठ असतो, दुसरा कोणी सांगितलेलाच नसतो.

कोणता कागद दाखवायचा हे कर्मचारी ठरवतो, मालक नाही. लिस्ट ए मधला एक कागद, म्हणजे अमेरिकी पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी यांपैकी काहीही, ओळख आणि कामाचा हक्क दोन्ही सिद्ध करतो. तो नसेल तर लिस्ट बी मधला एक ओळखीसाठी आणि लिस्ट सी मधला एक हक्कासाठी. इथे आपली मंडळी हमखास अडकतात. ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड घेऊन येतात, पण व्हिसावर असताना मिळालेल्या त्या कार्डावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, की गृहसुरक्षा खात्याची परवानगी असेल तरच कामासाठी ग्राह्य. ती ओळ असलेलं कार्ड लिस्ट सी मध्ये चालत नाही. मी ते परत करते तेव्हा समोरचा चेहरा उतरतो, आणि नोकरी गेली नाही, फक्त दुसरा कागद हवा, हे मला आधी सांगावं लागतं.

दुसरी अडचण आपल्या नावांची. महाराष्ट्रातल्या कितीतरी पासपोर्टांवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम' म्हणून एकत्रच असतं. सोशल सिक्युरिटीत ते कधी पहिलं नाव म्हणून सलग जातं, कधी मधलं म्हणून. आडनाव लग्नानंतर बदललेलं असेल तर आणखी घोळ. मग ई-व्हेरिफाय या सरकारी ऑनलाइन पडताळणीत नाव जुळत नाही. याचा अर्थ कुणी खोटं बोललं असा होत नाही. तक्रार घेऊन संबंधित खात्याकडे जायला सरकारी कामकाजाचे आठ दिवस मिळतात, आणि निकाल लागेपर्यंत त्या कारणाने कामावरून काढता येत नाही. घाबरून स्वतःच राजीनामा दिलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे इतकं ठासून लिहिते आहे.

मी स्वतः एल-२ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने, आले होते. हातात ईएडी असूनही पहिल्या नोकरीच्या ठिकाणी माझ्याकडे नवऱ्याचे सगळे कागद मागितले, त्यांच्या प्रती ठेवून घेतल्या आणि दोन आठवडे रुजू होऊ दिलं नाही. मी निमूट सगळं दिलं. ते मागणंच चुकीचं होतं, हे या कामात आल्यावर कळलं.

एच-४ वाल्या, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या, बायकांना कामाची परवानगी मिळू लागली ती २६ मे २०१५ पासून, तीही नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचली असेल तरच. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असेल तर जुनं कार्ड ५४० दिवसांपर्यंत आपोआप चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ही सवलत नाही. नवं कार्ड आलं नाही, तर मुदत संपली की मला त्या बाईचं काम थांबवावं लागतं. चांगलं काम करणाऱ्या बाईला हे सांगण्याइतकं जड माझ्या कामात दुसरं काही नाही. ग्रीन कार्डाचं मात्र वेगळं: ते संपलं म्हणून मालकाने पुन्हा तपासणी करायचीच नसते.

त्या दिवशी मी कार्डाचा नंबर आणि मुदत फॉर्मवर लिहिली, सही केली. तिने ती तारीख फोनमध्ये टाकली. "त्याच्या १८० दिवस आधीची पण टाक," मी म्हटलं, "अर्ज त्या दिवसापासून करता येतो." तिने बोटांवर महिने मोजले, दुसरी तारीख टाकली आणि विवाहाचा दाखला घडीवर घडी जुळवून फाईलमध्ये परत ठेवला.