चामोर्शी : घर ते विहार

गडचिरोलीहून चामोर्शीला एसटीने जायला तासभर लागतो. आपल्या जिल्ह्यात रेल्वे आहे ती वडशापुरती, त्यामुळे इकडचा सारा कारभार सडकेवरच चालतो. एसटी, काळी-पिवळी, धानाचे ट्रॅक्टर आणि मोटारसायकली या सडकेवर पूर्वीपासून आहेतच. सुरजागडच्या पहाडावरचे लोहखनिज खाली उतरू लागले, कोनसरीला पोलादाचा प्रकल्प आला, तेव्हापासून तालुक्यात जड वाहनेही वाढली. खिडकीजवळ बसलेला माणूस धानाच्या बांध्या पाहतो, मोहाची झाडे पाहतो आणि म्हणतो, किती छान प्रदेश आहे! तोच माणूस बसमधून उतरून पायी चालू लागला की खाली पाहतो. वर पाहून चालण्याजोगी जागा त्याला मिळत नाही.

आम्ही चामोर्शीला बरेचदा जातो, कारण आमची मोठी बहीण तिथे दिलेली आहे. मार्कंड्याला जाणारे भाविकही याच गावावरून जातात. महाशिवरात्रीच्या यात्रेला एसटी जादा गाड्या सोडते, पोलीस बंदोबस्त लागतो, पायी येणाऱ्यांची सोय पाहिली जाते. तेवढ्या दिवसांपुरते सर्वांनाच पटते की पायी चालणारा हाही एक प्रवासी आहे. यात्रा उठली की तो पुन्हा कोणाच्याच हिशेबात नसतो.

या वेळी आम्ही गेलो ते ताईसाठी. मागच्या पावसाळ्यात संध्याकाळी ताई भाजी घेऊन घरी येत होती. कडेला मोटारसायकली उभ्या होत्या, नालीवरची फरशी फुटलेली होती, म्हणून ती दोन पावले डांबरीवर उतरली. मागून आलेल्या गाडीचा धक्का लागला. गाडीवाला थांबला नाही. मांडीचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, सळई पडली. आता ती वॉकर घेऊन चालते. घरात चालते, अंगणात चालते. पण गावातल्या विहारात ती तेव्हापासून गेलेली नाही. पौर्णिमा चुकवू नये असा तिचा पंचवीस वर्षांचा नेम होता.

आम्ही म्हणालो, "ताई, विहार तर पाच मिनिटांवर आहे."

ती म्हणाली, "विहार दूर नाई रे बापू, मधात सडक हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही, भाचा आणि ताई असे तिघे घरापासून विहारापर्यंत चालून पाहायला निघालो. आम्ही पडलो कारकून. बी.कॉम. झालेल्या माणसाला जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सोबत वही घेतली आणि सुताराकडची टेप घेतली. वाचकांना हसू येईल, पण ही आमच्या आयुष्यातली सर्वांत हळू सफर होती आणि सर्वांत जास्त काही दाखवणारीही.

दारातून निघताच नाली आली. तिच्यावर लोकांनी आपापल्या सोयीने फरश्या टाकलेल्या. एक उंच, एक खोलगट, मध्ये फट. आपण ती फट पाहतसुद्धा नाही, कारण आपला पाय आपोआप तिच्यावरून जातो. वॉकरचा पाय तिच्यात अडकतो. पुढे विजेचा खांब, आणि खांबाला ताण दिलेली तार. मग कुणीतरी घरासमोर टाकलेली गिट्टी. मग चढण. घरात पाणी शिरू नये म्हणून प्रत्येकाने आपला ओटा पुढे घेतलेला, आणि प्रत्येक ओट्यासाठी ताईला डांबरीवर उतरावे लागे. ज्याचा ओटा होता त्याचे चुकले असे तरी कसे म्हणावे? पावसाळ्यात त्याच्या घरात पाणी शिरतेच.

रस्त्यांच्या बांधणीची प्रमाणके ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. पायी चालणाऱ्यांसाठी तिची वेगळी पुस्तिका आहे, क्रमांक १०३. त्यात म्हटले आहे की पदपथावर कमीत कमी १.८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट, मोकळी जागा हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा, जास्त नसावी. चाकाची खुर्ची चढायची तर उतार एकास बारा असावा लागतो. म्हणजे सहा इंच चढायला सहा फूट लांबीचा उतार. आम्ही टेप घेऊन सहा फूट शोधत चाललो होतो. दोन-तीन ठिकाणी तर टेप नीट उघडावीसुद्धा लागली नाही.

मोठ्या सडकेशी आलो आणि ताई थांबली. दोन्ही बाजूंनी गाड्या. आम्ही हात वर केला, एक ट्रॅक्टरवाला थांबला, पण त्याच्या बाजूने मोटारसायकल निघालीच. ताईचा हात वॉकरवर थरथरत होता. ती म्हणाली, "चाल, घरी जाऊ." आम्ही परत फिरलो. विहाराचा निळा झेंडा पलीकडे दिसत होता.

संध्याकाळी वंदना झाल्यावर विहारात बसलो. ताईशिवाय. आमच्या मनात काही दिवसांपासून एक गोष्ट होती, ती मांडली. चामोर्शी आता नगरपंचायत आहे. गावासाठी पायी चालणाऱ्यांची एक सल्लागार समिती असावी. तिला पैसा खर्च करण्याचा अधिकार नको, ठेका देण्याचा तर नकोच. गावात नवा रस्ता, नाली, थांबा, बाजाराची जागा, काहीही करण्यापूर्वी नकाशा या समितीपुढे यावा आणि तिने तो पायी चालून पाहून लेखी मत द्यावे. एवढेच.

असे कुठे असते का, असे एका तरुणाने विचारले. असते. अमेरिकेत सिएटल आणि पोर्टलंड या शहरांनी अशा नागरिकांच्या समित्या नेमल्या, बिनपगारी. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले. ११ डिसेंबर २०२१ रोजी तिथला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला. एका दिवसाने काय होते ते पुणेकर जाणोत, पण निदान पायी चालणाऱ्याच्या नावाचा एक कागद तरी त्या महापालिकेत आहे.

जिल्हा पातळीवर रस्ता सुरक्षा समिती असते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २१५ मध्ये तिची तरतूद आहे आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तिथे पोलीस, बांधकाम, परिवहन, आरोग्य अशी खाती बसतात. ती हवीच. पण ताई ज्या फटीत अडकते ती फट त्या टेबलापर्यंत पोचणार कशी? गावात घरापासून विहारापर्यंत जाताना माणूस चार मालकांच्या हद्दीतून चालतो. गल्ली एकाची, मोठी सडक दुसऱ्याची, खांब तिसऱ्याचा, वाहतूक चौथ्याची. आम्ही आधी एका कार्यालयात गेलो होतो, त्यांनी दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. आम्ही स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसणारे, म्हणून आम्हाला राग आला नाही. असे पत्र आमच्याकडे आले असते तर आम्हीही "योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित" लिहिलेच असते.

मग अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. मोठ्या मेहनतीने केला होता. कोइमतूरचे हाडांचे डॉक्टर एस. राजशेखरन यांनी २०१२ साली रस्ते अपघातांबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. हाडे जोडून जोडून थकलेला डॉक्टर शेवटी न्यायालयात गेला, हे ताईला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली होती. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की वापरण्याजोगा, अडथळा नसलेला पदपथ हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो दिव्यांगांनाही वापरता आला पाहिजे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. रोजची सरासरी काढली तर नव्वद. हे सारे अर्जात होते. बाबासाहेबांनी लिहिलेल्या कलमांच्या आधाराने अर्ज करताना आपली छाती थोडी फुगतेच, आमचीही फुगली होती.

अर्जातले शेवटचे वाक्य होते : "तरी रस्त्याच्या कडेची सर्व अतिक्रमणे त्वरित हटविण्यात यावीत."

मागे बायकांमध्ये बसलेली एक भाजीवाली उठली. आपल्याच वस्तीतली, ताईच्या वयाची. तिचा ठेला मोठ्या सडकेच्या कडेला लागतो. म्हणाली, "भाऊ, अतिक्रमन म्हंजे आमीच नं जी?"

आम्ही गप्प.

"ताई पडली त्या दिवशी तिले उचलून दवाखान्यात कोनं नेलं? बाकी सारे पाहत होते. ठेला तसाच टाकून मीच गेली. टमाटे लोकायनं नेले. आता तुमी आमालेच उठवा."

विहारात कुणी काही बोलेना. आम्ही वीस वर्षे कार्यालयात काम करतो. "त्वरित हटविण्यात यावीत" हे वाक्य आमच्या हातातून आपोआप उतरते, जसे सही उतरते. कुणाला हटवायचे हे लिहिताना डोळ्यांसमोर येत नाही.

तिथेच आम्ही त्यांना सांगितले की ठेलेवाल्यांसाठीही कायदा आहे, पथविक्रेता कायदा २०१४. त्याखाली शहराची पथविक्रेता समिती करायची असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विक्रेत्यांनाही प्रतिनिधित्व द्यायचे असते. ती म्हणाली, "मंग तुमच्या समितीत कोन कोन हाय?" आम्ही मसुदा पाहिला. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, वकील, पत्रकार, सामाजिक कार्यकर्ते, म्हणजे आम्ही. रोज पायी चालणारा त्यात कुणीच नव्हता. डॉक्टर कारने येतात, पत्रकार मोटारसायकलवर, आणि आम्हीही, खरे सांगायचे तर, गडचिरोलीत स्कूटी वापरतो.

रात्री साडेदहापर्यंत ती यादी पुन्हा केली. वाद झाले. एक शाळेत पायी जाणारी मुलगी आणि तिची आई, दोन जागा. एक चाकाची खुर्ची किंवा वॉकर वापरणारे, एक न दिसणारे. दोन पथविक्रेते, त्यांत एक बाई. एक सफाई कामगार, कारण पहाटे सडकेवर सर्वांत आधी तोच असतो. बाजाराला येणाऱ्या खेड्यांतून एक आदिवासी आणि एक बंगाली वसाहतीतला माणूस. घोट-मुलचेऱ्याकडून ही मंडळी येतात, आणि त्यांची एसटीपासून बाजारापर्यंतची वाट कुणी विचारतच नाही. डॉक्टर राहिले. वकील गेले. सामाजिक कार्यकर्ते "आवश्यकतेनुसार निमंत्रित", म्हणजे चहा सांगायला.

एका वृद्ध गुरुजींनी तेव्हा वैकमची आठवण काढली. महाडचे चवदार तळे आपल्या घरातल्या पोरालाही माहीत असते, वैकम कमी लोकांना माहीत आहे. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात वैकमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालण्याची बंदी होती. तो सत्याग्रह देवळात शिरण्यासाठी नव्हता, नुसते रस्त्यावरून चालण्यासाठी होता. पेरियार रामस्वामी त्यात तुरुंगात गेले. वीस महिने तो चालला आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये तडजोडीने संपला. तीन बाजूंचे रस्ते उघडले, पूर्वेचा बंदच राहिला. गुरुजी म्हणाले, "तेव्हा माणूस आडवा येई, आता गाडी आडवी येते." आम्हाला ही तुलना पूर्णपणे पटली नाही. गाडीचा चालक कुणाची जात विचारून धक्का देत नाही. पण पायी कोण चालतो आणि गाडीत कोण बसतो, हे मोजायला बसले तर वस्तीची नावे आपोआप रांगेत लागतात, हेही नाकारता येत नाही.

नवा अर्ज सकाळी लिहिला. "हटविण्यात यावीत" काढले. त्याऐवजी लिहिले की पथविक्रेत्यांच्या संमतीने सहा फुटांची वाट आखून द्यावी, ठेले तिच्या मागे असावेत, गाड्या लावण्याची जागा वेगळी आखावी. सर्वसाधारण सभेत ठराव घेऊन समिती नेमावी, तिची बैठक दर दोन महिन्यांनी व्हावी, इतिवृत्त फलकावर लावावे. मोठ्या सडकेवर विहार आणि शाळेच्या समोर पट्टे आणि गतिरोधक यांसाठी समितीने जिल्हा समितीकडे शिफारस पाठवावी. अर्जावर एकसष्ट सह्या झाल्या आणि चार अंगठे. पहिली सही ताईची. दुसरी भाजीवालीची, तिने सही करण्यापूर्वी भाच्याकडून अर्ज दोनदा वाचून घेतला.

अर्ज दिला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. शिक्का नीट उमटला नव्हता, तो पुन्हा मारून घेतला. या बाबतीत आम्ही कुणाचे ऐकत नाही.

परत जाताना एसटी स्टँडवर चाललो होतो तेव्हा पाहिले, भाजीवालीने ठेला नालीच्या बाजूला सरकवला होता आणि फुटक्या फरशीवर सागाची एक जाड फळी टाकली होती. आम्हाला पाहून म्हणाली, "टेप काढा जी, मोजा." मोजली. चार फूट भरली. वॉकर जातो. सहा फुटांना दोन कमी आहेत, आणि मोठी सडक ओलांडायची ती आहेच. ताईने भाच्याकरवी निरोप दिला आहे की येत्या पौर्णिमेला ती सडकेपर्यंत येऊन पाहणार, पुढचे तिथे ठरवू. आम्ही त्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आहे.