आधी लिहून घ्या

घरी बसून उर्दू-मराठी भाषांतराची कामं घ्यायला लागले, तेव्हा पैशांचं बोलायची मला फार लाज वाटे. पहिल्याच गिऱ्हाइकाने 80 पानं करून घेतली आणि ‘देऊ की, घरचंच काम आहे’ म्हणत 4 महिने फिरवलं. शेवटी निम्मेच पैसे हाती आले. मुलाची फी अब्बांकडून उसनी घेऊन भरली.

अब्बांनी विचारलं, “लिहून घेतलं होतंस?”

“ओळखीचे होते, कसं म्हणायचं?”

“कुरआनातली सर्वांत मोठी आयत कशाबद्दल आहे? सूरह बकराची 282वी. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहा, रक्कम लहान असो की मोठी, कंटाळा करू नका. अल्लाहने सांगितलं त्याची लाज कसली?” मग त्यांनी माझ्यापुढेच कागद सरकवला. “हे उसने पैसेही लिही.”

आता नवं काम घेण्याआधी मी लिहूनच देते: पानाचा दर, निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्ती एकदाच, बाकी 15 दिवसांत. एक-दोघं रागावून गेले. जे राहिले, त्यांच्याशी पैशांवरून कधी मन कडू झालं नाही, अल्हम्दुलिल्लाह.

अब्बांचे पैसेही मुदतीत फेडले. त्यांनी कागद फाडला आणि चहा मागितला.